पाटीमागचं पिल्लू

४ एप्रिल, मंगळवार

दुकानाच्या पायरीवर चिमणीचं पिल्लू! पिसं जेमतेम फुटलेली. घरटं वर, पाटीच्या मागे. शिडी बाहेरच उभी.

"ठेवा की वर, बाबा," सून म्हणाली. माझ्याच हाताखाली काम शिकली, दुकानात माझ्याबरोबर बसते; पण सातवा महिना, तिला चढू देणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, माणसाचा हात लागला की चिमणी पिल्लाला टाकते. निसर्गाच्या कारभारात आपण लुडबूड करू नये. बराच वेळ बोललो. गिऱ्हाईक असतं तर उठून गेलं असतं.

ती ऐकून घेत होती आणि घड्याळाच्या रिकाम्या खोक्यात कापूस पसरत होती. पिल्लू उचलून त्यात ठेवलं, दुरुस्तीच्या टेबलावरचा दिवा जवळ ओढला. म्हणजे हात तर लागलाच!

तोच दिवस, संध्याकाळ

शेजारचा औषधवाला डोकावून गेला. "काका, वासाबिसाचं काही नसतं हो. वर ठेवा, आईबाप घेतात सांभाळून. इथे खोक्यात नाही जगायचं ते."

चिमणी दिवसभर पाटीवर ओरडत होती. मी म्हटलं, शिडी डुगडुगते.

शिडी डुगडुगत नाही.

५ एप्रिल, बुधवार

खोकं रात्री घरी आणलं होतं. सकाळी उघडलं तर चोच वासून बसलेलं. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमट्यात धरला – ज्या चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलतो, त्याच. एवढी मोठी चोच, तरी बलक तीनदा बाजूला पडला. चौथ्यांदा टोक त्याच्या डोळ्यापाशी लागलं. चिमटा खाली ठेवला.

वहीला काय फसवायचं? हात कापतो. उजवा. थंडीपासून.

नाचता येईना अंगण वाकडं! वास काय, निसर्ग काय, शिडी काय! माझ्या हातून ते वरून पडेल, ही भीती. दुसऱ्याला सांगावं तर तो विचारणार, तुम्ही का नाही? आणि चाळीस वर्षं लोक या हाताकडे बघून घड्याळ सोपवतात. एवढ्याशा जिवाला मी माझ्या ऐटीपायी उपाशी ठेवलंय. लाज वाटते.

कामाचं मात्र बरं आहे. मनगट टेबलाला टेकवलं की भागतं. थंडीपासून एकही घड्याळ तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

तोच दिवस, दुपार

औषधवाल्याला बोलावलं. "तुम्हीच का नाही चढलात?" – विचारलंच त्याने. हात कापतो माझा, सांगून टाकलं. "मग काल बोलायचं ना, काका," एवढंच म्हणाला आणि चढला. मी शिडी धरली.

पिल्लू आत गेलं. अर्ध्या तासाने चिमणी चोचीत अळी घेऊन पाटीमागे शिरली. मी दोनदा बाहेर जाऊन बघून आलो. फार बरं वाटलं.

एकच खटकतंय. मी हाताचं बोललो तेव्हा सून शेजारीच उभी होती. ती दचकली नाही.

६ एप्रिल, गुरुवार

विचारलं तिला. "डिसेंबरपासून माहीत आहे, बाबा." मी दुपारी जेवायला गेलो की माझी घड्याळं ती पुन्हा उघडते आणि नीट लावून ठेवते. रोज.

सगळी? म्हटलं.

"बहुतेक सगळी."