सात दाण्यांचं मत

प्रिय डेल्फीन,

तुझं उत्तर पोचलं. "आभारी आहे, पण सिस्टर कोलंबाच्या मंडळाची किल्ली मला नको. चाळीस वर्षांपूर्वी हवी होती, आता माझ्याकडे कुलूपच उरलं नाही." वाचून मी एकटीच हसले. तुझी जीभ अजून तशीच आहे म्हणायची! कागद मात्र मी निवड समितीला दाखवला नाही. तो माझ्या पर्समध्ये आहे आणि सात एप्रिलपर्यंत तिथेच राहील. त्या दिवशी यंदाच्या गुणवंत मुलींना मंडळात घेतल्याची खूण म्हणून किल्ल्या मिळतील, आणि यंदा मंडळाने एकमताने निवडलेली माजी विद्यार्थिनी म्हणून त्यांच्याबरोबर तू उभी असावीस, असा माझा हट्ट आहे. मांसाच्या कारखान्यातल्या बायकांना तेवीस वर्षं लिहायला-वाचायला शिकवणारी बाई आमच्या मंडळात नसेल, तर आम्ही 'विद्या, सेवा, निष्ठा' हे तीन शब्द फळ्यावरून पुसून टाकावेत.

इकडे सगळं ठीक आहे. नदीवरचा बर्फ गेल्या आठवड्यात फुटला. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी, मांस चालत नाही म्हणून, चर्चच्या तळघरात अजून मासे तळतात, आणि फादर ओस्वाल्ड अजूनही रांगेत सगळ्यांच्या आधी उभे असतात. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. आपल्याच कॉलेजात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यातली एकोणीस वर्षं मंडळाचं काम पाहिलं, आणि फुशारकी नाही, दोन्ही चांगलं केलं. आपल्या वेळचं धुणीघर पाडून तिथे व्यायामशाळा झाली आहे. परवा तिथून जाताना तुझी आठवण आली. धुणं धुणाऱ्या बायकांनी स्वयंपाकघराच्या बोळात उभ्याने का जेवायचं, त्यांना आमच्या शेजारी बसायला जागा नाही का, असं तू भर सभेत विचारलं होतंस. सिस्टर कोलंबा म्हणाल्या होत्या, "डेल्फीन, तुझी जीभ तुझ्या मार्कांच्याही पुढे धावते हं." सगळ्या मुली खिदळल्या. तू लालबुंद झालीस. पण पुढच्या सोमवारपासून त्या बायका टेबलाशी बसून जेवू लागल्या. ते सिस्टरनीच केलं, तू कधी विचारलं नाहीस.

तिसऱ्या वर्षीच किल्ली मिळालेल्या आम्ही सहा जणी होतो. सातव्या, मंडळ चालवणाऱ्या सिस्टर. चौथ्या वर्षाच्या मुलींची निवड आम्ही सात जणी करायचो. स्वयंपाकघरातून सुपाचं झाकणाचं भांडं यायचं. प्रत्येकीच्या मुठीत घेवड्याचे दोन दाणे, एक पांढरा, एक काळा. नाव वाचलं की हात भांड्यात घालून एक दाणा सोडायचा, उरलेला कुणाला न दाखवता खिशात टाकायचा. सगळे पांढरे निघाले तरच निवड. एक जरी काळा निघाला, तरी नाव बाद. आचारीणबाई दर वर्षी कुरकुरायची, "माझा अख्खा घेवडा नासवता तुम्ही, त्यापेक्षा भांडा आणि मोकळ्या व्हा!" तुझं नाव आलं तेव्हा सहा पांढरे निघाले आणि एक काळा.

नियम असा होता, की बाद झालेल्या मुलीला ती बातमी सिस्टरनी स्वतः सांगायची, आणि 'मंडळाने ठरवलं' यापलीकडे अक्षर बोलायचं नाही. आपला दाणा पांढरा होता हेसुद्धा सांगायचं नाही, कारण मग संशय सहा पोरींवर गेला असता. म्हणून सिस्टर तुझ्या खोलीशी आल्या, तेवढंच बोलल्या आणि गेल्या. सभेतलं भांडण ताजं होतं, तू दोन आणि दोन चार केलेस. त्या दिवसापासून तू त्यांना 'म्हातारी कोलंबा' म्हणू लागलीस. तेव्हा त्या जेमतेम पन्नाशीच्या होत्या.

तुझ्या शेजारच्या पलंगावर बसून तुझी पाठ चोळणारी मी होते. "जाऊ दे गं, तिला तुझी अक्कल सोसत नाही," असं म्हणणारीही मीच. आणि माझ्या खिशात त्या वेळी एक पांढरा दाणा होता.

हो, डेल्फीन. काळा मी टाकला. त्या सभेमुळे तुझी निष्ठा कमी पडते, असं मी स्वतःला समजावलं होतं. ते खोटं होतं. आपल्या मजल्यावर किल्ली असलेली मी एकटीच होते, आणि मला एकटीच राहायचं होतं. तू माझ्याहून हुशार होतीस, हे मला ठाऊक होतं आणि सहन होत नव्हतं. मंडळाचं काम माझ्याकडे आलं त्याच वर्षी मी दाण्यांची पद्धत मोडून काढली. आता जिला नकार द्यायचा आहे, तिने नाव घालून कारण लिहायचं. सगळ्या माझी वाहवा करतात.

नोव्हेंबरमध्ये सिस्टर कोलंबा गेल्या. शेवटचे दोन महिने मी रोज दुपारी त्यांना चमच्याने खिमट भरवायला जायचे. एकदा त्यांनी विचारलं, "डेल्फीन अजून रागावली आहे का गं माझ्यावर?" मी म्हटलं, "छे, सिस्टर, ती कधीच विसरली." त्या म्हणाल्या, "विसरणारी नाही ती. पण बरं वाटलं ऐकून." अंत्यविधीला ये म्हणून मी तुला फोन केला, तेव्हा "मला कामं आहेत" म्हणून तू ठेवून दिलास. तेव्हाही मी गप्प राहिले. चाळीस वर्षांपूर्वी मी एकवीस वर्षांची होते. नोव्हेंबरमध्ये एकसष्ट वर्षांची होते, त्याला काही सबब नाही.

रडगाणं गायला मी हे लिहीत नाही, आणि माफीसाठीही नाही. ती द्यायची की नाही, ते तुझं तू बघ. समितीतल्या मुलींना मी सोमवारी सगळं सांगितलं. त्यातली एक फटकन म्हणाली, "मॅडम, आम्हाला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा." म्हणून लिहायला बसले. तुझा हा नकार मी समितीपुढे ठेवणार नाही, कारण त्यावर नाव चुकीचं आहे. नकार द्यायचाच असेल तर नव्या कागदावर दे, आणि 'व्हेरेनामुळे नको' असं स्वच्छ लिही. मी तो भर सभेत स्वतः वाचून दाखवीन. आणि आलीस, तर सिस्टर चॅपलमागच्या टेकडीवरच्या दफनभूमीत तिसऱ्या रांगेत आहेत. आधी त्यांच्याकडे जा. माझ्याकडे आलीस तर आलीस.

तुझीच,
व्हेरेना