मोज्यात खोचलेला पायजमा

तीर्थस्वरूप बंडप्पा दाजींना जळकोटहून शिवानंदचे शरणू शरणार्थी.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्काचा बीपी काय म्हणतो? (अक्काला हे पत्र वाचायला देऊ नका. दिलंत तर आधी गोळी द्या.) इकडं आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. नीलम्मा खुशाल आहे. तूर बरी आहे. दुकानात युरिया आला की लोक युरिया न्यायला येतात, संपला की राजकारण बोलायला येतात. फक्त माझी मान तेवढी खाली आहे, आणि ती मणक्यामुळं नव्हे. हातात फोन असताना हा माणूस कागद कशाला खराब करतोय, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, तुम्ही ‘हॅलो’ म्हणायच्या आत अक्का फोन हिसकावून घेते, आणि झालेली गोष्ट थोरल्या बहिणीच्या कानावर घालायची माझी छाती नाही.

शेतातल्या चोऱ्यांसाठी सरकार वेगळा कायदा आणणार, हे तुमच्याकडंही पोचलं असेलच. मोटार, केबल, ठिबकच्या नळ्या, वैरण, उभं पीक, रानातून जे जाईल त्याचा स्वतंत्र गुन्हा आणि स्वतंत्र शिक्षा. मसुद्यावर लोकांनी सूचना पाठवाव्यात, असंही सांगितलं होतं. सूचना म्हटलं की मला राहवत नाही, हे तुम्ही जाणताच. (तुमच्या लग्नात मी आचाऱ्याला केलेल्या सूचना आणि त्यानंतर झालेला भात तुम्ही विसरला नसाल. मला तेव्हा मिशीही फुटली नव्हती.) त्यातून येळवसाचा सण होऊन आठवडा झाला नाही तोच माझ्या विहिरीवरची केबल गेली. चोरानं बांधावरच ती जाळली, तांबं नेलं आणि राख मला ठेवली. ती राख बघून मी असा पेटलो की दुकान नीलम्मावर सोडून गावात शेतचोरी विरोधी समिती काढली आणि बिनविरोध अध्यक्ष झालो. (दुसरा उमेदवारच नव्हता.)

सूचना अशा लिहिल्या की वाचून पोलिसांनाही घाम फुटावा. कडब्याची पेंढी उचलली तरी ती चोरीच. जामीन नको. सण, रूढी, नातं, शेजार ही सबब चालणार नाही. आणि चोराला ओळखूनही जो गप्प बसेल, तो चोराच्याच बरोबरीचा. हे शेवटचं वाक्य मी लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. ती लाल रेघ आता माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

सूचना झाल्या, आता पुरावा हवा होता. माझ्या रानात सोलरचा कॅमेरा आहे. पोरानं पुण्याहून पाठवलेला. त्याची तारीख लावायची राहूनच गेली, त्यामुळं त्याच्या हिशेबानं आपण अजून कुठल्यातरी जुन्याच साली आहोत. दुकानात बसून त्यातलं सगळं चित्रण मी पाहिलं. कुत्री, मोर, रानडुकरं आणि एक माणूस. धुक्यात, पाठमोरा. डोक्यावरून घोंगडं, त्यावर कडब्याचा भारा, आणि गुंडाप्पाच्या रानातून बांध ओलांडून माझ्या रानात शिरतोय. (गुंडाप्पा माझा बांधाला बांध लागलेला शेजारी, आणि त्याच्या गायत्रीची सोयरीक तुमच्या शेजारच्या शिवराजशी तुम्हीच जमवलेली, तेव्हा त्याची जास्त ओळख द्यायला नको.) माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भारा घेऊन यायचं, केबल त्यात गुंडाळायची आणि वैरण नेतोय असं दाखवून पसार व्हायचं! असला डोकेबाज चोर आपल्या गावात निपजला, याचं मला थोडं कौतुकही वाटलं, हे आता लपवत नाही.

सभा बोलावली. ग्रामपंचायतीच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्र लावलं आणि हातात काठी घेऊन मी एकेक खूण समजावून सांगू लागलो. म्हटलं, चाल बघा, ही सराईत चाल आहे, हा माणूस जन्मात सरळ वागलेला नसणार. अंग बघा, फुकटचं खाऊन सुटलंय. आणि उजवा पायजमा बघा, मोज्यात खोचलाय, म्हणजे पळायची तयारी गडी घरूनच करून आलाय! लोक हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्याला हसले. मग मी गुंडाप्पाला उभं केलं. तुझ्या रानातून येतोय, तूच सांग कोण आहे. गुंडाप्पानं टीव्हीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग खाली माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाला, “मला काय वळखू येईना, अण्णा.” आणि बसला. तो बसताच मी त्याच्याकडं बघत लाल शाईचं वाक्य खड्या आवाजात म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. (खरा केबलचोर अजून सापडलेला नाही. त्यातली सर्वांत मोठी टाळी त्याचीच असणार.)

तुमच्या लोहाऱ्याला जीप रोज जाते आणि बातमी त्यात फुकट जाते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्याच दिवशी शिवराजच्या वडिलांचा गुंडाप्पाला निरोप आला, की साखरपुड्याची घाई नको, आधी ते चोरीचं काय ते निस्तरू द्या. हे ऐकून मी दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, करावं तसं भरावं. दाजी, हे वाक्य मला गिळता आलं असतं तर बरं झालं असतं.

परवा दुपारी नीलम्मा भाकरी थापत होती आणि मी तिच्या शेजारी बसून तिला मोबाईलवर चोर दाखवत होतो. (सभेला ती आली नव्हती, दुकानात बसली होती.) तिनं एकदाच पाहिलं आणि तव्यावरची भाकरी तशीच राहिली.

“अवं, हे घोंगडं माज्या म्हायेरचं हाय.”

मी म्हटलं, घोंगड्यासारखी घोंगडी असतात.

“आन् पायजमा?”

मी माझ्या पायाकडं पाहिलं. डॉक्टरनं शुगरसाठी सायकल चालवायला सांगितल्यापासून चेनमध्ये अडकू नये म्हणून मी उजवा पायजमा मोज्यात खोचतो आणि घरी आल्यावर काढायचा विसरतो. सभेतही विसरलोच होतो. म्हणजे काठीनं टीव्हीवरचा पाय दाखवत होतो तेव्हा तोच पाय खाली मला घेऊन उभा होता. भाकरी करपली. नीलम्मानं ती माझ्याच ताटात वाढली.

दाजी, ती येळवसाची सकाळ होती हो. रानात पाच दगडांचे पांडव मांडून त्यांच्यावर कडब्याची खोपटीवजा कोपी करायची, आणि त्या कोपीच्या पाच पेंढ्या शेजाऱ्याच्या गंजीतून न विचारता आणायच्या, शेजाऱ्यानं पाहूनही न पाहिल्यासारखं करायचं, ही आमच्या शिवारातली जुनी पद्धत. मागून आणलेल्या कडब्याच्या कोपीत लक्ष्मी बसत नाही, असं आई म्हणायची. बैल विकल्यापासून माझ्याकडं कडबा नाही, म्हणून दरसाल गुंडाप्पाच्या गंजीतून आणतो. त्यामुळं त्या पेंढ्या आणि ‘चोरी’ हा शब्द माझ्या डोक्यात कधी एका जागी आलेच नाहीत. त्याच दुपारी गुंडाप्पा माझ्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील जेवून गेला, आणि जेवताना स्वतःच्याच कडब्याकडं बघत ‘औंदा कोपी झ्याक झालीया’ म्हणाला.

मी त्याच्या घरी गेलो. भर सभेत बोलला का नाहीस, म्हणून उलट त्यालाच विचारलं. (माझा स्वभाव.) तो म्हणाला, “येळवसाच्या पेंढ्याचं कुनी नाव घेतं व्हय, अण्णा? आन् एवढ्या मान्सात तुमाला खाली बघाय लावायचं म्हंजी... मला वाटलं, घरला जाऊन पायजमा काढताना तुमाला कळंल.” गायत्रीनं चहा आणला. तिचे डोळे सुजलेले होते. तिनं मान वर केली नाही आणि मीही केली नाही. आम्ही दोघं फरशीकडं बघत होतो, पण तिचा काही अपराध नव्हता. मला लाज वाटली, दाजी. अजून वाटते आहे. दुकानात कुणी ‘अध्यक्ष’ म्हणून हाक मारली की पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसावंसं वाटतं.

असो. बाकी काही विशेष नाही. मन मोकळं करायला लिहिलं. गुडघ्याला एरंडेल लावत जा.

तुमचा मेव्हणा,
शिवानंद

ता.क. पत्र लिहितोच आहे तर एक किरकोळ काम. शिवराजच्या वडिलांना तेवढं सांगा, की कॅमेऱ्यात बिघाड होता, गुंडाप्पाचा काही संबंध नाही, पोरीची सोयरीक मोडू नका. माझं नाव मात्र मधे आणू नका. समितीचं वजन जातं आणि कायद्याच्या कामाला बाधा येते.

आणखी ता.क. नीलम्मानं वरचं वाचलं. म्हणाली, “त्या मान्सानं भर सभेत तुमचं नाव घेटलं न्हाय, आन् तुमी कागदावरबी सोताचं नाव घ्यायला भ्येताव?” तेव्हा वरचा ता.क. खोडलेला समजा. माझं नाव सांगा. पायजम्याचंही सांगा. येत्या सभेत त्याच टीव्हीपुढं, त्याच काठीनं मी स्वतःला दाखवणार आहे. सरकारलाही वाढीव सूचना धाडली आहे, की दुसऱ्यावर खोटा आळ घेणाऱ्यासाठीही एक कलम असावं. जामीन नको.

अगदी शेवटचं. हे पत्र टपालानं येत नाही. गुंडाप्पा आज शिवराजच्या वडिलांच्या पाया पडायला लोहाऱ्याला निघालाय, त्याच्याच हाती देतोय. यात काय आहे हे त्याला माहीत नाही. त्याला आधी आत बसवा, पाणी द्या. मग शिवराजच्या वडिलांना बोलावून घ्या आणि त्यानं कुणाच्या पायाला हात लावायच्या आत हे सगळं मोठ्यानं वाचा. अक्काही असू द्या, गोळी देऊन. मी हे लिहीत असताना तो दारात जीपची वाट बघत उभा आहे. “एवढं काय लिवताव, अण्णा?” म्हणून विचारतोय. खुशाली, म्हटलं. बरं म्हणाला. आता खाली बघून हळूच सांगतोय, “पायजमा, अण्णा.”