स्तेफानमामाचा पाट

टॅम्पिनीस, सिंगापूर
भाऊबीज, २०१६

ती. नानामामांस,

नमस्कार शेवटी करीन.

काल तुम्हाला चांगी विमानतळावर सोडून फ्लॅटवर आले आणि तुम्ही कपाटात टाकलेला फोटो पुन्हा आईच्या फोटोशेजारी लावला. “हा परका गोरा सैनिक आपला कोण लागतो?” असं तुम्ही विचारलंत. तुमच्या वयाकडे बघून तेव्हा नाही, आता सांगते.

तो स्तेफान. युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पोलिश निर्वासित राहत. त्यांतली हालिना आईची मैत्रीण, आणि हा तिचा भाऊ. इटलीत लढताना गेला, तिथल्याच लष्करी दफनभूमीत आहे. छावणी उठली तेव्हा हालिना त्याचा एक फोटो आईला देऊन गेली.

पुढे आईनं जातीबाहेर लग्न केलं आणि तुम्ही भाऊबीजेला येणं बंद केलंत. भाऊ नसला तर बायका चंद्राला ओवाळतात. आईनं शेवटपर्यंत स्तेफानचा फोटो पाटावर मांडून त्याला ओवाळलं.

आज माझ्या जाईनं त्याला ओवाळलं. “आपले मामाआजोबा ना?” तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

हे पत्र टाकणार नाही. पुढच्या दिवाळीला या, फोटो तिथंच दिसेल. तुम्हालाही पाट मांडीन, पण त्याला उठवणार नाही.

आता नमस्कार.

तुमची भाची आणि त्याचीही,
मैत्रेयी