अंगणातला धूर

सोमवार, ९ तारीख

वहीबाई, तू विसरभोळीच! मागच्या पानावर सांगितलं ना, आपल्या ठमी गाईनं वैरण सोडली म्हणून? अंगभर अक्षरं, पण आठवत काही नाही. मला एक अक्षर येत नाही, तरी सगळं ध्यानात! (सूनबाई लिहितेय. तोंड वाकडं करून.)

आज ठमी बसली ती उठेना. थरथरते, लाळ गळते. मी म्हटलं, तिवा आहे — चिलटांनी येणारा ताप. तिसऱ्या दिवशी उठेल.

नात आली. बेटावरची गुरांची डॉक्टर तीच. ठमीच्या मानेवरून हात फिरवला आणि एका जागी बोटं दाबून पाहिली.

"आजी, ही गाठ कधीची?"

"चावलं असेल काहीतरी. लहानपणी तुलाही यायच्या."

"चेष्टा नको गं. लम्पी असला तर, गाठींचा रोग? तोही माश्या-डासच पसरवतात."

रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यातून बोटीनं तपासायला धाडलं. जाताना बजावलं — "हिला वेगळी बांध."

मंगळवार, १०

वेगळी कशी बांधू? चिलटं हाकलायला आळीत धूर एकच, तो माझ्या अंगणात. संध्याकाळी सगळ्यांची गुरं त्याभोवती. शेजारीण म्हणाली, "तुमच्या डॉक्टरणीला कळलं तर?"

"तिचं शेंबडं नाक मी पुसलंय," म्हटलं.

गुरुवार, १२

उठली! ठमी उठली! वैरण खाल्ली, मला ढुशी दिली. सूनबाई, मोठ्या अक्षरात लिही — तिवाच!

नात हसली नाही. "तिवा असेलही. पण गाठी वाढल्यात." मग तिला धुराची राख दिसली, भोवतीचं शेण दिसलं. "सगळी एकत्र बांधलीस?"

मी ठमीचं अंग पुसत राहिले.

लम्पी या बेटावर कधीच आला नव्हता. आला तर सोबतची सगळी गुरं मारायची, असा वरून हुकूम आहे.

शनिवार, १४

बोटीनं उत्तर आलं. तिवा होता. लम्पीही आहे. दोन्ही! आम्ही दोघीही खऱ्या — काय करायचंय त्या खरेपणाचं?

रविवार, १५

आळीतले गोठे रिकामे. ठमीला सुई नातीनंच दिली. म्हणाली, "परक्या हाताला बुजली असती."

मी तिच्याशी बोलले नाही.

सोमवार, १६

पोरगी दवाखान्यातच बसलीय. जेवली नाही. मला तोंड दाखवायची भीती वाटते म्हणे. वेडी! धूर तिनं केला होता का?

सूनबाई, पुरे लिहिणं. अंडी उकड आणि तिला पाठव. मीठ वेगळं बांध. चहाही पाठव — कोरा.