चार दिवसांचं खोटं

मैलूर, बीदर
८ जानेवारी २०२५

ती. शिवकन्याअक्काला नागरत्नाचा सा. न. वि. वि.

फोन करत न्हाई म्हणून रागवू नकोस. दोन खोल्यांचं घर, कुजबुजलं तरी सासूबाईला ऐकू जातंय. त्यांला वाचता येत न्हाई, म्हणून ही चिठ्ठी. तुझ्या गावाहून रोज भाजी घेऊन येणाऱ्या गुंडेमामाच्या पिशवीतनं पाठवायलेय.

अक्का, मला दिवस गेलेत. तारखेवर दहा दिवस झाले. पट्टीवर दुसरी रेघ इतकी फिकी, की दारात उजेडाला नेऊन बघितली. फोडणी दिली की उमासे यायलेत, बसल्या जागी झोप लागायलीय. ह्यांनाबी सांगितलं न्हाई. इथल्याच जवळच्या कोळारच्या गोदामातनं कामावरनं येतात अन् आडवे होतात. मागल्या खेपेला पेढे वाटले अन् नवव्या आठवड्यात सगळं गेलं. मग गल्लीभर तोंड मलाच दाखवावं लागलं.

सासूबाई कॅलेंडरकडं बघून माझे दिवस मोजायल्या होत्या. म्हणून कावळा शिवला म्हणले अन् कालपासून बाजूला बसले. स्वयंपाक न्हाई, वास न्हाई. पण ताट लांबनं सरकवतात. कुणी शिवत न्हाई. हे उमासे, ही झोप, असंच असतंय का गं पहिल्या आठवड्यांत?

माया पातळ होऊ देऊ नको.
नागरत्ना

निर्णा
९ जानेवारी

चि. नागरत्नास पोटभर आशीर्वाद.

येडे, आधी हसले, मग तूर झोडायची सोडून बसले. व्हय, असंच असतंय. उमासे, झोप, घडीघडी मोरीकडं जाणं, उगंच रडू. उठायच्या आधी कोरडी भाकरी चावत जा. आमचा बंटी पोटात होता तवा मला वरणाचा वास सोसंना, तर तुझे भाऊजी म्हणले, तुरीच्या गावात आता खायचं काय! डॉक्टरीणबाईला गोळ्या विचार. रक्त दिसलं, कळ आली, तर तसंच उठून दवाखान्यात जा.

अन् पेढ्यानं जीव जात न्हाई गं. चार दिवस बसशील, नऊ महिने बाजूला बसणार का? एका माणसाला तरी सांग. माझी तुरीची रास व्हायचीय, आठ दिवस निघता येत न्हाई. ह्याचंच वाईट वाटायलंय.

आठवण काढत जा.
तुझी अक्का

मैलूर
१० जानेवारी

ती. अक्काला सा. न.

तुझी चिठ्ठी सकाळी आली. दुपारी लाल ठिपका दिसला. एकच. ओरडावं वाटलं, पण अक्का, चार दिवस ज्याचं खोटं सांगितलं तेच आता खरं म्हणून कसं सांगू? भिंतीकडं तोंड करून रडले.

तर सासूबाई सरळ माझ्या चटईवर येऊन बसल्या. हात धरला. पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणल्या, मोरीतले उमासे ऐकले होते. फोडणीपासून लांब राहते तर राहू दे, सांगंल तवा सांगंल, म्हणून गप ताट सरकवत होत्या. अन् मी चार दिवस भिंत मोजली.

दवाखान्यात जाताना रिक्षात त्यांनी हात सोडला न्हाई. डॉक्टरीणबाई म्हणल्या, एवढ्यात काही सांगता येत न्हाई, दोन आठवड्यांनी ठोके बघू. तोवर वाट बघायची. ह्यांना संध्याकाळी सांगणार.

आज चौथा दिवस, पण न्हाणं अजून झालं न्हाई. त्याच्या आधीच सासूबाईंनी मला शिवलंय.

रास झाली की ये.
तुझी नागरत्ना