पुसलेली मतं

शनिवार, शहापूर

१. मतदान यंत्रांची चाचणी होती, ती घेणारी कर्मचारी मी. उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून माझे काका आले होते.
२. त्यांनी यंत्रावर आपल्याच चिन्हाला भरपूर मतं टाकली. मोजणी बरोबर आली.
३. नियमाप्रमाणे मी ती मतं पुसली. पडद्यावर शून्य आलं. काकांनी ते पाहून सही केली.

चूक कुठेच नाही. तरी संध्याकाळी सापगावहून काकूचा फोन.

"काय गो, चुलत्याची मतं पुसलीस?"

"काकू, ती चाचणीची होती. पुसली नाहीत तर खऱ्या मतांत मिसळतील."

"खोटी व्हती तं मोजली कशाला?"

मागून काका म्हणाले, "शून्य केलं तिनं. मी बघत व्हतो." तेही खरंच.

"मंग आमी रांगेत कशाला उभं ऱ्हायचं? आळीतली एक बाई नाय जायची मत द्यायला." काकूने फोन ठेवला.

ते शून्य मी विश्वास बसावा म्हणून दाखवलं होतं. त्याच शून्याने तो गेला. पुन्हा समजवायला जावं, तर म्हणतील, नोकरीच आहे तिची, असंच बोलणार. माझं यंत्र बरोबर आहे, पण बायका घरीच बसल्या तर त्याचा काय उपयोग?

शेवटी काकांना एवढंच लिहून पाठवलं: मतदानाच्या सकाळी, पहिल्या मतदाराआधी, केंद्रावर हीच चाचणी पुन्हा होते. मतं टाकून, मोजून, पुसून. तुम्ही तिथे बसा आणि बाहेर येऊन आळीला तुम्हीच सांगा. माझं कोणी ऐकणार नाही. बसणार की नाही, बुधवारपर्यंत कळवा.