सात नंबरची नळी

रविवार, २ मार्च

९:०४ ला पोचले. हजेरीच्या कागदावर सगळ्यांनी ९:०० लिहिलंय — माझ्यामागून धापा टाकत जिना चढले त्यांनीसुद्धा! मी ९:०४ लिहिलं. कागद सांभाळणाऱ्या बाई हसल्या. "अहो डॉक्टर, चार मिनिटांना कोण विचारतंय?" कुणीच नाही. मीच मला विचारते, हीच तर पंचाईत.

मार्चचे तीन रविवार डॉक्टरांची उजळणी. विषय — मोठ्या आतड्याचा कॅन्सर. वर्ग पुरे केले की गुण मिळतात, गुण भरले की नोंदणी नव्यानं होते. बाबांनाही गुण हवेत, पण यायला नको. काल म्हणाले, "माझीही सही ठोकून टाक. कॉलेजात मी चौघांची हजेरी लावायचो, चार वेगळ्या आवाजांत." मी पेन त्यांच्या नावापर्यंत नेलं. मग घाम फुटला आणि चहा प्यायला गेले. त्यांची जागा कोरीच राहिली. घरी येऊन कबूल केलं, तर आईकडे बघून म्हणाले, "हिला मी जरा जास्तच नीट शिकवलं." तक्रार केल्यासारखे!

शिकवलं मात्र त्यांनीच. कॉलेज नंतर, आधी आमचं जेवणाचं टेबल. आठव्या वर्षी मला माझ्या बाहुलीची माहिती घ्यायला लावली होती — नाव, वय, काय होतंय, कधीपासून. "आधी विचारायचं, मग हात लावायचा. आणि लाजेचा प्रश्न नाव विचारतो त्याच आवाजात विचारायचा. आवाज बदलला की पेशंट खोटं बोलतो."

शिकवणाऱ्या बाई पोटाच्या सर्जन. चष्मा डोक्यावर, सँडल टेबलाखाली काढलेले. मी मनात त्यांना पोटवाल्या मॅडम म्हणते. आल्या आल्या विचारलं, "गेल्या आठवड्यात पंचेचाळिशीपुढच्या किती पेशंटना तुम्ही संडासाबद्दल विचारलंत?" सत्तर डॉक्टर एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. शेवटी कुणीतरी मागून — "मॅडम, लोकांना लाज वाटते हो."

"लोकांना, की तुम्हाला?"

माझ्या शेजारचे वयस्कर बालरोगतज्ज्ञ तेवढ्यापुरते जागे झाले.

सोमवार, ३ मार्च

गृहपाठ आहे. या वयात! प्रत्येकाला दहा नळ्या दिल्यात. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढं टोपण, त्याला आत काडी. काडीनं शौचाचा कणभर नमुना घ्यायचा, नळी बंद करायची, परत द्यायची. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात सापडतं. मॅडमचं फर्मान — "सुरुवात घरापासून. डॉक्टरांच्या घरात कुणाचीच तपासणी झालेली नसते, मला पाठ आहे."

नळ्यांना नंबर घातले. यादी वेगळ्या वहीत, वही कुलपात, किल्ली पर्समध्ये. मग किल्ली हरवली तर? दुसरी किल्ली आईकडे. मग आईनं उघडली तर? आई म्हणाली, "मला कुणाच्या संडासात काडीचाही रस नाही गं, बाई!" आणि नंतर पाच मिनिटं स्वतःच्याच विनोदावर हसत राहिली.

मंगळवार, ४ मार्च

आई : नंबर एक. मुकाट्यानं घेतली. शेजारच्या शिंपीणबाई आणि त्यांचे यजमान : दोन आणि तीन. यजमानांनी नळी उजेडाकडे धरून विचारलं, "भरून द्यायची का?" भरून नको होती!! परत समजावलं.

कंपाउंडरकाका : चार. घेतली नाही. सव्वीस वर्षं आमच्या दवाखान्यात आहेत, मी जन्मले तेव्हा पेढे त्यांनीच वाटले असं सांगतात. हजारो लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर त्यांनी लेबलं लावली असतील. पण माझी नळी बघून असे मागे सरकले, जणू मी पाल दाखवली. "नको ताई. आमच्या घराण्यात असलं काही नाही."

"काका, घराण्याचा प्रश्न नाही, वयाचा —"

"वयाचं तर बोलूच नका. पेशंट थांबलेत." एक पेशंट होता. तोही औषध घेऊन निघालेला.

बुधवार, ५ मार्च

बाबा : सात. दोन दिवस टोलवलं. आज चहाच्या कपाशेजारी नळी ठेवली आणि उभीच राहिले.

"मी डॉक्टर आहे."

"मॅडम म्हणाल्या डॉक्टरच सगळ्यांत वाईट."

"तुझ्या मॅडमनी मला बघितलंय का?"

त्यावरून आठवलं. बाबांचा एक जुना नियम आहे — केस पेपराशिवाय कुणालाही तपासायचं नाही, अगदी घरच्यांनासुद्धा. दवाखान्याच्या कपाटात आईचा केस पेपर आहे, माझा आहे (पहिली नोंद : 'वय चार दिवस, फार रडते'), काकांचा आहे. बाबांचा नाही. विचारलं तर म्हणाले, "मी कुणाकडून तपासून घेऊ? आरशाकडून?"

शेवटी नळी उचलून शर्टाच्या खिशात टाकली, पेनाशेजारी. पेनाशेजारी!! मी सरळ नळाकडे गेले. हात धुतले. माझे.

शुक्रवार, ७ मार्च

बाबांनी नळी दिली! बंद केलेली, पुसलेली, छोट्या पिशवीत. "घे. खूश?" नऊपैकी सगळ्यांत स्वच्छ नमुना माझ्या बाबांचा. मी दिवसभर उगीचच गुणगुणत होते.

बाबांचं पोटही उतरलंय. काकांनी जाड सुई तापवून त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं — तिसरं. "रोज जिना चढतो," म्हणाले. आई म्हणाली, "जिना कसला! अर्धा दिवस तर संडासात काढतात. आत ऑफिस थाटलंय. आणि हल्ली दोनदोनदा पाणी सोडतात, टाकी रिकामी!"

रविवार, ९ मार्च

दुसरा वर्ग. ८:४१! नळ्या जमा केल्या. माझ्या नऊ (काकांची चार नंबर कोरीच). शेजारच्या बालरोगतज्ज्ञांच्या तीन. "माझे पेशंट सगळे डायपरमधले, मी काय करू?" म्हणाले आणि पुन्हा डुलकी.

बाबांची हजेरी आजही कोरी. मॅडमनी मला नाव विचारलं, वडिलांचा दवाखाना म्हटल्यावर, "ते कुठायत?"

"त्यांना पेशंट आहेत," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पण खरंही पुरतं नव्हतं. परतताना बसमध्ये त्याचा हिशोब करत बसले आणि एक थांबा पुढे गेले.

गुरुवार, १३ मार्च

निकाल आले. आठ निर्मळ.

सात नंबर — रक्त आहे.

चार वेळा वही उघडून बघितली. सात म्हणजे बाबा. पाचव्यांदाही बाबाच.

शुक्रवार, १४ मार्च

बाबांना सांगितलं. मी आवाज अगदी नाव विचारतो तसा ठेवला होता, पण शेवटच्या शब्दाला फुटलाच. आणि बाबा — हसले! "मूळव्याध असेल गं."

"बघायला नको?"

"बघू की."

"दुर्बिणीनं आतून बघायला हवं. लगेच. मॅडमना फोन केलाय."

"इतक्यात फोनही केलास?" खांद्यावर थोपटून पेशंट बघायला गेले. आत जाऊन कुणाला तरी जोरजोरात विनोद सांगत होते. एवढे शांत कसे राहू शकतात?

मी जेवले नाही. आई दोनदा ताट घेऊन आली. तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, १५ मार्च

आता सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी औषधांच्या कपाटामागे उभी राहून रडत होते. बाबा आले. माझं तोंड बघितलं आणि खुर्चीत बसले.

"रडू नकोस. ती नळी माझी नव्हतीच."

"म्हणजे?"

"नमुना त्याचा आहे. आपल्या कंपाउंडरचा. मी त्याला म्हटलं, तेवढं काम करून टाक माझं." हसत सांगत होते. कॉलेजातल्या चार आवाजांची गोष्ट सांगतात तसंच. "काय बिघडलं? तुझ्या वहीत एक नाव —"

आणि थांबले. पुढचं वाक्य मला बोलावं लागलं नाही, त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. मग उठले आणि बाहेरच्या खोलीत काका गोळ्या मोजत बसले होते, त्यांच्याकडे बघत दारातच उभे राहिले.

"स्वतःची का नाही दिलीत?" मी विचारलं.

"वेळ नव्हता."

ते मी मानलं. पेशंटला नाव तीनदा विचारणारी मी!

रविवार, १६ मार्च

तिसरा वर्ग. आज बाबा आले! ८:५५ ला सही केली, ८:५५ च लिहिलं. मग सगळ्यांदेखत मॅडमकडे जाऊन आपली करामत सांगितली. मी जमिनीत जायची बाकी होते. मॅडमनी चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. "एकवीस वर्षं शिकवतेय. गृहपाठाची नक्कल बघितली होती, नमुन्याची नक्कल पहिल्यांदाच." मागच्या रांगा हसल्या. बाबा हसले नाहीत. शेवटपर्यंत बसले आणि वहीत लिहून घेत होते. बाबा!

संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. बाबांनीच सांगितलं. काका आधी आमच्यासाठी खुर्च्या पुसत राहिले.

"पण मी तर नको म्हटलं होतं ताईंना."

"मग मला का दिलंस?"

"तुम्ही मागितलंत, साहेब. मला वाटलं, मशीन बरोबर चालतंय का ते बघायचं असेल."

काकू आतून, "यांना घेऊन जा हो. मी सांगून थकले, चार वर्षं टोचतंय म्हणतात!"

काका भिंतीकडे बघून म्हणाले, "साहेब करून घेणार असतील तर मी करतो. एकटा नाही."

बाबा दाराशी काढलेल्या चपलांकडे बघत राहिले. मला वाटलं, लाजतायत. बरं झालं म्हटलं, कळू दे जरा पेशंटची लाज! मग म्हणाले, "बरं. दोघंही."

गुरुवार, २० मार्च

उद्या दोघांची दुर्बीण, म्हणून आज आतडं धुवायचा दिवस. दोघांनाही आमच्याच घरी ठेवलं. पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर दहा मिनिटांनी पेलाभर प्यायची. मी घड्याळ, तक्ता आणि शिट्टी घेऊन बसले. (शिट्टी आईनं काढून घेतली.)

चव कशी, विचारलं. बाबा : "समुद्रात कुणीतरी साबण धुतलाय." काका : "साहेब, आपण पेशंटना सांगतो 'थोडं खारट लागेल'. आता नाही सांगायचं."

संडास एकच! पहिला तास दोघंही 'तुम्ही आधी', 'नाही, तू आधी'. दुसऱ्या तासाला शिष्टाचार संपला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा काकांना साहेबांवर दाराबाहेरून ओरडताना ऐकलं — "साहेब, बाहेर या हो! वर्तमानपत्र नंतर!" शेवटी शिंपीणबाईंनी त्यांचा संडास देऊ केला. काका टॉवेल खांद्यावर टाकून जिन्यावरून जे पळाले! आई हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले. आठ दिवसांत पहिल्यांदा.

इस्पितळाचा फॉर्म दोघांनी आपापला भरला. बाबांचा मी वाचला. रक्त जातं का : नाही. वजन घटलं का : नाही. 'नाही' दोन्हीकडे ठसठशीत, छापल्यासारखं. पट्ट्याचं भोक आठवलं. म्हटलं, जिना.

शुक्रवार, २१ मार्च

काका सुटले! मूळव्याध, आणि आतड्यात उगवलेला शेंगदाण्याएवढा एक कोंब, तो तिथल्या तिथे काढला. मॅडम म्हणाल्या घातक दिसत नाही. काका शुद्धीवर आल्या आल्या म्हणाले, "साहेबांचं झालं का?"

नाही झालं. पंधरा मिनिटं म्हणाले होते, चाळीस झाली. आई शब्दकोडं घेऊन बसलीये, एक चौकोनही भरला नाही.

मॅडम दारात आल्यात. चष्मा नाकावर आहे. मला एकटीला बोलावतायत.

शनिवार, २९ मार्च

बाबा आज दवाखान्यात पुढच्या दारानं आले आणि बाकावर बसले, दोन पेशंटच्या मागे. पाळी आल्यावर काकांनी नवा कोरा केस पेपर माझ्यासमोर ठेवला. मी नाव विचारलं. सांगितलं. वय विचारलं. सांगितलं. त्याच आवाजात पुढचा प्रश्न विचारला.

"रक्त?"

"चार महिन्यांपासून."

लिहून घेतलं. खाली मॅडमचा निकाल लिहिला : कॅन्सर, पसरलेला नाही, ऑपरेशन बुधवारी. मग बाबांनी पेपर आपल्याकडे फिरवून वाचला आणि म्हणाले, "तारीख राहिली."